पुन्हा एकदा गोवा : अल्प खर्चातील पुनर्भेटीचे अंदाजपत्रक

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी एखादे तरी प्रवासवर्णन असते. सहल होऊन जाते, छायाचित्रे वाटली जातात आणि मग कुणीतरी तिचे वर्णन लिहिते. प्रस्तुत लेख झालेल्या प्रवासाविषयी नसून व्हावयाच्या प्रवासाविषयी आहे. येत्या आषाढात मी आईला घेऊन गोव्याला जाणार आहे. आमच्या घरात केवळ पाहण्यासाठी म्हणून आजवर कुणी प्रवास केलेला नाही, आणि महाविद्यालयात आलेली मी घरातील पहिलीच. त्यामुळे या प्रवासाचा हिशेब मला स्वतःलाच मांडावा लागला. तो मांडताना वर्गात शिकलेले अर्थशास्त्र फार उपयोगी पडले. माझ्यासारखीच परिस्थिती असलेल्या विद्यार्थी बंधुभगिनींना या खटाटोपाचा लाभ व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पुनर्भेट कशासाठी?

गेल्या डिसेंबरात सहलीबरोबर मी गोवा प्रथम पाहिला. प्रत्येकी ३,५०० रुपये वर्गणी होती. तीन दिवसांत आम्ही पुष्कळ ठिकाणे 'केली'. सहलीत 'पाहिली' असे कुणी म्हणत नाही, 'केली' असेच म्हणतात. वहीत वेळ टिपून ठेवण्याची मला सवय आहे. परतल्यावर बेरीज केली तेव्हा असे दिसले की, बसमधला, जेवणाच्या रांगेतला आणि एकमेकांची वाट पाहण्यातला वेळ वजा जाता प्रत्यक्ष पाहण्यात गेलेला वेळ १४ तासांचा होता. ३,५०० भागिले १४, म्हणजे पाहण्याच्या एका तासाला २५० रुपये पडले. अर्थशास्त्रात ज्याला सरासरी खर्च म्हणतात, तो हाच.

सहल वाईट होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. तिच्यामुळेच मला समुद्र दिसला. परंतु पहिल्या भेटीत आपल्याला गोवा दाखविला जातो आणि दुसऱ्या भेटीत आपण तो पाहतो, असा माझा अनुभवाअंती झालेला ग्रह आहे. पहिल्या खेपेस कुठे उतरायचे, कोणती बस धरायची, पोटभर जेवण कुठे मिळते, यांतले काहीच ठाऊक नसते. त्या अज्ञानाची किंमत मोजावीच लागते. दुसऱ्या खेपेस ही माहिती भांडवलासारखी हाताशी असते. म्हणून ज्याच्याजवळ पैसा थोडा आहे त्याने दर वेळी नवे ठिकाण शोधण्यापेक्षा आवडलेल्या जागी पुन्हा जावे.

हा विचार काही माझ्या पदरचा नाही. आपल्या घरांतून तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. माझी आजी दरवर्षी दिंडीबरोबर पंढरपूरला जात असे. दिंडीत जेवणाखाण्याची वर्गणी आधी भरायची, तिला भिशी म्हणतात. मुक्काम ठरलेले असतात, सामान ट्रकवर जाते, तंबू कुठे पडणार हेही ठरलेले असते. एकाच प्रिय ठिकाणी, अल्प खर्चात, दरवर्षी, लाखो माणसांनी कसे जावे याचे इतके चोख नियोजन दुसरे कुठे असेल असे मला वाटत नाही. आमच्या घरची माणसे प्रवासात अडाणी आहेत, हा समज मला वारीचा हिशेब समजल्यावर सोडून द्यावा लागला. त्यांना प्रवास ठाऊक आहे. केवळ पाहण्यासाठी जाणे तेवढे ठाऊक नाही.

खरा खर्च कोणता?

मी आईला गोव्याचे सुचविले तेव्हा ती म्हणाली, "समुद्र बघून प्वाट भरतंय व्हय? तीन रोज बुडत्यात माझं."

हे ऐकून मला वाईट वाटले. परंतु नंतर ध्यानात आले की संपूर्ण विषयातले सर्वांत अचूक वाक्य तेच होते. तिकीट, खोली आणि जेवण एवढ्याचीच मी बेरीज करीत होते. आईने एका वाक्यात चौथा आकडा मांडला. एक गोष्ट निवडल्यामुळे दुसऱ्या ज्या गोष्टीवर पाणी सोडावे लागते, तिची किंमत म्हणजे संधी-खर्च. आमच्या सरांनी हा भाग शिकविताना गहू आणि कापूस यांचे उदाहरण घेतले होते. मला आता घरचेच उदाहरण मिळाले. पगारी नोकराला रजेत पगार चालू असतो. रोजगारावर जाणाऱ्या बाईला रजा नसते. ती जितके दिवस फिरेल तितके रोज बुडतात. तिच्या दृष्टीने प्रवासातला पहिला खर्च तिकिटाचा नसून बुडालेल्या रोजाचा असतो. स्वस्त प्रवासाची जी माहिती छापून येते तिच्यात हा खर्च कुठेच धरलेला नसतो, कारण ती लिहिणाऱ्यांना रजा असते.

यावर उपाय एकच. ज्या दिवसांत रोजच नाही, ते दिवस शोधणे. आमचा भाग सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, द्राक्षांचा. द्राक्षबागेचे वर्ष छाटण्यांवर चालते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यामागून फुटवे काढण्याची, काड्या बांधण्याची कामे येतात. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी सुरू झाली की बायकांना मान वर करायला सवड नसते. ती थेट द्राक्षे उतरून बेदाण्याचे काम संपेपर्यंत. या दोहोंच्या मध्ये पावसाळ्यात काही आठवडे हाताला काम कमी असते. आषाढ त्यातच येतो. त्या दिवसांत आईचा संधी-खर्च जवळजवळ शून्यावर येतो. तेव्हा तारीख आमच्या सोयीने ठरली नाही, ती द्राक्षाच्या वेलीने ठरविली असे म्हटले तरी चालेल.

काळ

सुदैवाने आमचा हा रिकामा काळ आणि गोव्याचा स्वस्ताईचा काळ एकच आहे. गोव्याचा पर्यटनाचा हंगाम सामान्यतः ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा. त्यातही नाताळ व नववर्ष यांच्या आसपास भाव शिगेला पोहोचतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या झोपड्यांतली उपाहारगृहे उतरवलेली असतात, समुद्रावरचे खेळ बंद होतात आणि खोल्या रिकाम्या पडतात. मागणी घटली की किंमत घटते, हा पहिल्या वर्षी शिकलेला नियम इथे उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळतो. मी दूरध्वनी करून दोन साध्या लॉजवर चौकशी केली. डिसेंबरअखेर दोघांच्या खोलीला दिवसाचे १,८०० रुपये सांगितले, जुलैसाठी ९०० सांगितले. खोली तीच, खाटाही त्याच.

स्वस्ताईबरोबर काही गोष्टी सोडाव्याही लागतात. त्या आधी समजून घेतलेल्या बऱ्या. पहिली म्हणजे पावसाळ्यात समुद्रात उतरायचे नाही. लाटा व अंतःप्रवाह फार धोक्याचे असतात, आणि जीवरक्षक लाल निशाण लावतात ते शोभेसाठी नव्हे. दुसरी म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ. त्यामुळे ताजी मासळी कमी व महाग मिळते. आम्हाला त्याची अडचण नाही. आई आषाढीचा उपवास सोडून वरण-भात मागणारी आहे. तिसरी म्हणजे पाऊस. परंतु पाऊस ही आमच्या दृष्टीने अडचण नसून पाहण्याचीच वस्तू आहे. त्याविषयी पुढे लिहीन.

मार्ग

मिरजेहून गोव्याला जाण्याचे दोन मार्ग मी तपासले.

पहिला एस.टी.चा. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात स्त्रियांना एस.टी.च्या सर्व गाड्यांत अर्धे तिकीट आहे. मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. सीमेपलीकडच्या अंतराचे भाडे पूर्ण पडते. कोल्हापूरमार्गे सावंतवाडी व बांद्यापर्यंत अर्ध्या तिकिटात जाऊन तिथून गोव्याची बस धरणे हा यावरचा काटकसरीचा तोडगा. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास राज्यात विनामूल्य आहे, म्हणून ज्यांना आजी-आजोबांना न्यायचे असेल त्यांनी हा मार्ग अवश्य विचारात घ्यावा.

दुसरा रेल्वेचा. दिल्लीहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा अशी येऊन घाट उतरते व मडगावला पोहोचते. शयनयानाचे भाडे मी माणशी एका वेळचे २५० रुपये धरले आहे. एस.टी.च्या मार्गाने खर्च साधारण तेवढाच येतो. मग रेल्वेच का? याची कारणे दोन. मिरजेत रात्री बसले की पहाटे गोव्यात, म्हणजे एका रात्रीच्या खोलीचे पैसे वाचतात आणि दिवसही मोडत नाही. दुसरे कारण आईच्या पाठीचे. वर्षभर बागेत वाकून काम केलेल्या माणसाला रात्रभर बसून नेणे ही काटकसर नव्हे. (मुंबईकडच्या मित्रांना कोकण रेल्वे आहेच. १९९८ मध्ये तो संपूर्ण मार्ग खुला झाल्यापासून त्यांचा प्रवास सोपा झाला आहे.)

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. आषाढीच्या सुमारास मिरज जंक्शनवर पंढरपूरच्या वारकऱ्यांची मोठी गर्दी असते, म्हणून आरक्षण पहिल्याच दिवशी करावे. आम्ही एकादशीच्या रात्री निघणार. दोघींचाही उपवास असल्यामुळे त्या रात्रीच्या जेवणाचा खर्च अंदाजपत्रकात नाही, ही एकादशीची अर्थशास्त्रीय बाजू समजावी.

भूगोलाच्या दृष्टीने हा मार्ग म्हणजे एक धडाच आहे. आमचा तालुका पर्जन्यछायेचा. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले पाणी पश्चिमेकडेच रिते करतात. घाट ओलांडून आमच्याकडे पोहोचतात ते जवळपास कोरडे वारे. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका पडला तर पाटील पेढे वाटतात. आईने टँकरमागे घागर घेऊन धावण्यात कित्येक उन्हाळे काढले आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी पाण्याची आगगाडी सुटली ती याच मिरजेहून. त्याच स्थानकावरून बसून, ज्या पाण्याची वाट पाहण्यात आयुष्य गेले ते कुठे अडते आणि कुठे पडते, हे एकदा तिने पाहावे अशी माझी इच्छा आहे.

जाताना घाटात रात्र असते. परतताना मात्र गाडी दिवसाउजेडी घाट चढते आणि दूधसागर धबधब्याच्या समोरच्या पुलावरून जाते. हा धबधबा सुमारे ३१० मीटर उंचीचा असून पावसाळ्यात तो भरात असतो. १८८० च्या दशकात मुरगाव बंदरापासून हा लोहमार्ग घाटातून वर काढण्यात आला. मधेच उतरून रुळांवरून चालत धबधब्याकडे जाणारी मंडळी असतात. तसे करणे रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि जिवावरचेही आहे. गाडीच्या खिडकीतून हेच दृश्य तिकिटाच्याच पैशात दिसते. पावसाळ्यात या घाटात कधीकधी दरड कोसळून वाहतूक थांबते. त्यासाठी अंदाजपत्रकात राखीव रक्कम ठेवली पाहिजे.

मुक्काम व भोजन

मुक्काम पणजीत करावा, किनाऱ्यावर करू नये, असे माझे मत झाले आहे. किनाऱ्यावरच्या वस्त्यांतून बस कमी मिळते व रिक्षा-टॅक्सीवर खर्च होतो. पणजीचे बसस्थानक मात्र सर्व दिशांना जोडलेले आहे. कदंब परिवहन महामंडळ १९८० पासून चालू आहे. मडगाव, म्हापसा व वास्को इथे जाणाऱ्या त्यांच्या न थांबणाऱ्या बसगाड्या खिडकीवर तिकीट काढून मिळतात. सहलीत आम्ही खासगी बसमधून फिरलो. तेव्हा रस्त्याने भरून चाललेल्या या बसगाड्या पाहूनच मला दुसऱ्या प्रवासाची कल्पना सुचली. विद्यार्थ्यांच्या गटाने मिरामार येथील युवक वसतिगृहात चौकशी करावी. फोंड्याकडच्या मोठ्या देवस्थानांत अग्रशाळा असतात. त्या मुख्यतः कुळावी व भाविक यांच्या सोयीसाठी असल्याने आधी विचारून, नियम पाळून राहावे. स्वस्त लॉज समजून तिथे जाऊ नये.

जेवणाच्या बाबतीत साधा नियम असा की, जिथे कचेरीतले कारकून व बसचे चालक जेवतात तिथे जेवावे. सकाळी पाव आणि पातळ भाजी हा गोवेकरांचा नेहमीचा नाश्ता. सायकलवरून भोंगा वाजवीत पाव विकणारे पदेर गोव्यात अजून आहेत. त्यांच्याकडे उंडे व कोंड्याची पोई मिळते, आणि ती दोन माणसांच्या न्याहारीला पुरते. घरून भाकरी, चटणी व शेंगदाण्याचे लाडू न्यायचे आहेतच. एक सावधगिरी मात्र घ्यावी. पैसे वाचविण्यासाठी स्टोव्ह नेऊन किनाऱ्यावर किंवा पर्यटनस्थळी उघड्यावर रांधण्याची कल्पना काहींना सुचते. २०१९ मध्ये गोव्याने कायद्यात दुरुस्ती करून अशा ठिकाणी उघड्यावर स्वयंपाक करणे व मद्यपान करणे दंडास पात्र ठरविले आहे. तो नियम मला योग्यच वाटतो. आपली काटकसर दुसऱ्याच्या अंगणात घाण करून होता कामा नये.

भाषेचाही उल्लेख इथेच करते, कारण तीही एक बचत आहे. गोव्याची राजभाषा कोकणी. १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीच्या शासकीय वापरालाही स्थान दिले आहे. मराठी तिथे सर्वत्र समजते, मराठी वृत्तपत्रे निघतात, कीर्तने होतात. आपल्याला वाटाड्या लागत नाही. विचारत विचारत जाता येते, आणि विचारण्याला पैसे पडत नाहीत.

काय पाहावे?

यादी लहान ठेवावी. तीन दिवसांत तीन दिशा धरल्या की एकही नीट होत नाही. आम्ही एकच रस्ता धरला आहे, पणजीहून मांडवीच्या काठाने पूर्वेकडे जाणारा.

पहिला दिवस द्वादशीचा. त्या दिवशी माशेल गावात देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो. पावसाने झालेल्या चिखलात अंगाला तेल लावलेले गडी व मुले कृष्णाच्या बाळपणीचे खेळ खेळतात. पाहायला पैसे नाहीत, फक्त कपड्यांवर चिखल उडण्याची तयारी हवी. या देवळाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. मूळ देवस्थान चोडण बेटावरचे. पोर्तुगीज अमदानीत देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भाविकांनी मूर्ती तिथून हलविली, ती मयेमार्गे माशेलला आली. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा या देवस्थानांची कथाही अशीच, साष्टीच्या बाजूकडून नदीपलीकडे सुरक्षित मुलखात येण्याची. म्हणजे ज्या देवळांसमोर आपण आज निवांत उभे राहतो ती एका सक्तीच्या प्रवासाची खूण आहेत. माशेलच्या देवळात बाळकृष्ण आपल्या जन्मदात्या आईबरोबर आहे. अशी मूर्ती विरळाच, म्हणून आईला घेऊन जाण्यास मला हेच देऊळ सर्वांत योग्य वाटले.

दुसरा दिवस जुन्या गोव्याचा. पणजीहून बस रायबंदरच्या ज्या लांब बांधावरून जाते तो सतराव्या शतकातला. जुने गोवे एके काळी पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी होते. रोगराईने ते उजाड होत गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. तिथले बॉम जेझूस चर्च १६०५ मध्ये पूर्ण झाले. १९८६ मध्ये तिथल्या चर्चवास्तूंचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. सहलीत या चर्चसाठी आम्हाला २० मिनिटे मिळाली होती. तेवढ्यात मी एक गोष्ट पाहिली, ती पुन्हा नीट पाहायची आहे. या चर्चच्या बाहेरच्या भिंती गिलाव्याविना उघड्या, लाल जांभ्या दगडाच्या आहेत. आमच्याकडची देवळे काळ्या पाषाणाची. गोव्यातली देवळे मात्र याच जांभ्याची, वर चुन्याचा गिलावा दिलेली. धर्म कोणताही असो, पायाखालचा दगड एकच. चर्चमागे थोड्या अंतरावर धक्का आहे. तिथून दिवाडी बेटावर फेरीबोट जाते. पायी जाणाऱ्यांना तिचे भाडे नाही. मांडवीचे भरलेले पात्र बोटीतून विनामूल्य ओलांडायचे, बेटावर थोडे चालायचे, पुन्हा यायचे. सहलीत याच नदीवर दिव्यांच्या बोटीत तासभर बसायला आम्ही निराळे पैसे मोजले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिरामार. इथे मांडवी समुद्राला मिळते, आणि पणजीतून चालत जाता येते. आईला समुद्र दाखवायचा तो इथे, वाळूवर उभे राहून, दुरून.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाटो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाण्याचा माझा विचार आहे. या ग्रंथालयाची स्थापना १८३२ मधली. बसस्थानकापासून ते जवळ आहे आणि पावसाच्या वेळी बसून वाचायला याहून चांगली जागा नाही. आईला अक्षरओळख बेताची. ती म्हणाली, "मी बसंन गुमान, तू वाच." त्यानंतर मडगाव, आणि परतीची गाडी.

अंदाजपत्रक

दोघींचा मिळून खर्च मी पुढीलप्रमाणे धरला आहे. हे आकडे अंदाजाचे असून थोडे चढेच घेतले आहेत.

१. गाव ते मिरज, जाऊन-येऊन, अर्धे तिकीट : १६० रुपये
२. मिरज ते मडगाव रेल्वे, जाऊन-येऊन : १,००० रुपये
३. गोव्यातील बसभाडे : ५०० रुपये
४. मुक्काम, दोन रात्री : १,८०० रुपये
५. भोजन व चहा, तीन दिवस : १,२०० रुपये
६. काजू व आमसुले : ३०० रुपये
७. किरकोळ : २४० रुपये
एकूण : ५,२०० रुपये
८. राखीव : ८०० रुपये
एकंदर : ६,००० रुपये

सहाव्या कलमाबद्दल थोडे लिहिते. ती हौस नाही. आमच्या दोन शेळ्या तीन दिवस शेजारच्या काकू सांभाळणार आहेत. त्या पैसे घेणार नाहीत, म्हणून काजू. गरिबाच्या अंदाजपत्रकात शेजारधर्म हे मोठे कलम असते. ते रुपयांत मांडता येत नसले तरी त्याची परतफेड मांडावी लागते.

जमेची बाजू अशी. उन्हाळ्याच्या सुट्टीत बेदाण्याच्या शेडवर १२ दिवस ३०० रुपयांप्रमाणे काम केले, त्याचे ३,६०० रुपये. 'कमवा व शिका' योजनेतून दरमहा ४०० रुपये बाजूला टाकले, सहा महिन्यांचे २,४०० रुपये. बेरीज ६,०००. घरातून एकही रुपया घ्यावयाचा नाही, ही माझी अट आहे.

आता तुलना पाहू. याच प्रवासाला डिसेंबरात गेलो तर खोलीचे १,८०० रुपये जादा पडतील आणि आईचे तीन रोज, म्हणजे ९०० रुपये बुडतील. सहा हजारांचा प्रवास ८,७०० वर जाईल. एकट्या महिन्याच्या निवडीने २,७०० रुपये वाचतात. खाण्यापिण्यात हात आखडून इतकी बचत कधीच झाली नसती. पाहण्याचे तास मोजले तर पहिल्या दिवशी ८, दुसऱ्या दिवशी ९, तिसऱ्या दिवशी ४ आणि घाटातले २ असे २३ तास होतात. माणशी खर्च ३,०००, म्हणजे तासाला सुमारे १३० रुपये. सहलीत हाच आकडा २५० होता.

समारोप

गोव्यातल्याच सांखवाळ गावी १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घराबाहेर पडले. जवळ पैसा जवळजवळ नव्हता. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले, पुढे नेपाळ, सिंहलद्वीप असे हिंडत बौद्ध धर्माचे मोठे पंडित झाले. त्यांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात हे सारे लिहून ठेवले आहे. त्यांच्याशी स्वतःची तुलना करण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. परंतु आपण कशासाठी निघालो आहोत हे ज्याला पक्के ठाऊक असते, त्याला थोडा पैसा पुरतो, एवढे त्यांच्या चरित्रावरून निश्चित म्हणता येते. ज्याला ते ठाऊक नसते, त्याला कितीही पैसा अपुराच पडतो.

या अभ्यासातून मला जे वाटते ते थोडक्यात असे. स्वस्त प्रवास म्हणजे पोटाला चिमटा घेऊन केलेला प्रवास नव्हे. आपला रिकामा काळ आणि त्या ठिकाणचा रिकामा काळ यांचा मेळ घालणे, एकच दिशा धरणे, लोक ज्या बसने जातात त्याच बसने जाणे आणि शेजाऱ्यांचे देणे न विसरणे, हे त्याचे चार नियम आहेत. आणि हिशेब मांडताना घरातल्या ज्या माणसाचे रोज बुडणार आहेत त्याचा आकडा सर्वांत वर लिहावा. मी तो वर लिहिला, तेव्हाच तो शून्यावर कसा आणता येईल याचा शोध सुरू झाला.

अंदाजपत्रकाचा हा कागद मी घरी वाचून दाखविला. वडिलांनी राखीव रकमेचे कलम दोनदा विचारले व ते बरोबर आहे असे सांगितले. आईने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि तिच्या रोजांच्या पुढे खरोखरच शून्य लिहिले आहे ना, एवढेच विचारून घेतले. आरक्षण खुले होण्याची तारीख आता कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेली आहे.